ताक्याचा डाव

दोन वर्षांपूर्वी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या घरात तीन पत्तीचा डाव चालू असताना नानांनी हातातली पानं सतरंजीवर उलटी ठेवली, उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. डाव पुढे चालू राहिला. संध्याकाळपर्यंत ते आत आले नाहीत.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांचं कामाचं सगळं आयुष्य सुरतेत पॉवरलूमच्या खात्यात गेलं. खातं म्हणजे मागांची शेड. तिथला आवाज ज्याने ऐकलेला नाही त्याला तो सांगता येत नाही, आणि ज्याने वर्षानुवर्षं ऐकला त्याला पुढे फारसं काही ऐकू येत नाही. नानांचे कान चाळिशीतच गेले. ते एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग दारावरची हाक. दवाखान्यातून आणलेलं कानाचं यंत्र लोखंडी कपाटात त्याच्या खोक्यात पडून आहे. ते घातलं की खातं पुन्हा चालू होतं, असं नानांचं म्हणणं.

यंदाची आखाजी जवळ आली आहे. डिंडोलीच्या नाक्यावर मातीच्या घागरींचे ढीग लागलेत. घागर आणि वर ठेवायचं खरबूज अशी जोडी घेऊन बायका उन्हातून चालल्यात. पितरांसाठी घागर भरायची, सांजोऱ्या तळायच्या, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस करायचा, लेकी माहेरी यायच्या, झोके बांधायचे. आणि पुरुषांनी पत्ते कुटायचे. वर्षभर पत्त्यांना नावं ठेवणारा खान्देशी माणूसही त्या एका दिवशी राजरोस डाव मांडतो. सुरतेत आलेल्यांनी झोके सोडले, कारण बांधायला झाड नाही. डाव सोडला नाही. आमच्या घरी तो चिंचोक्यांवर चालतो. चिंचोक्यांची पिशवी माय, म्हणजे आई, वर्षभर पिठाच्या डब्यामागे जपते.

वैशाखात हे शहर दमलेलं असतं. दुपारी पत्रे तापतात, पंखे गरम हवाच फिरवतात, आणि पाळी बदलताना रस्त्यावरून चालणारी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. काही खाती आता बंद झाली. काहींत नवी यंत्रं आली. त्यांना माणसं कमी लागतात. सुट्टी लागलेले कामगार गावाकडच्या गाड्या पकडतात, आणि ज्यांचं गाव आता फक्त पत्त्यावर उरलं ते इथेच थांबतात. आम्ही थांबणाऱ्यांतले.

त्या दुपारी काय घडलं याबद्दल घरात दोन मतं नाहीत. कुणीतरी “शो”, म्हणजे पानं उघडा, म्हणालं होतं. नानांना ते ऐकू आलं नाही आणि त्यांनी पुढची चाल केली. तेव्हा सुरेशदाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मंगलताईचे यजमान, पानं पिसत म्हणाले, “सगळे ब्लाइंड खेळतात, आपले नाना बहिरं खेळतात!”

सगळे हसले. दाजी मनाने वाईट नाहीत. ते इच्छापोरला राहतात, हजीऱ्याच्या बाजूला कंत्राटावर फिटरचं काम करतात. खात्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यामुळे खात्यातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असलेली गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती: तिथे बोलणं ओठांवरून वाचतात. नानांनी ते वाक्य ऐकलं नाही, वाचलं. मंगलताईचं हसू अर्ध्यावर थांबलं.

त्याच्या पुढच्या, म्हणजे गेल्या वर्षीच्या आखाजीला महिना-दीड महिना असताना, एका रविवारी, ताई इच्छापोरहून बसने आली. हातातल्या पिशवीत साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे होते, कात्री होती आणि डिंकाची बाटली. चहाही न घेता ती म्हणाली, “माले एक नवा खेळ बनावना से.”

“कोणासाठी?” माय.

“नानांसाठी. त्यांना ऐकावं लागणार नाही असा. आणि साधा नको, लबाडीचा पाहिजे. सापशिडी दिली तर ते म्हणतील, मी काय पोऱ्या से का?”

“पत्त्यातच बसू दे की. हळू खेळू.”

“हळू खेळलेलं त्यांना दिसतं ना माय. तेच तर दिसतं.” ताईने पुठ्ठे जमिनीवर पसरले. “या आखाजीला ते डावात बसले नाही, तर पुढच्या वर्षापासून मी येणार नाही. माहेरी यायचं ते काय ओट्यावरच्या माणसाची पाठ बघायला?”

नाना तेव्हा ओट्यावरच होते. त्यांची पाठ दारातून दिसत होती.

त्या चैत्राची आठवण म्हणजे मुख्यतः डिंकाचा वास. रविवारी दुपारी जेवणं झाली की सतरंजी पसरायची आणि पुठ्ठे कापायचे. बाकीचे दिवस ताई घरीच साड्यांवर खडे चिकटवण्याचं काम करते. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही तिच्या बोटांना डिंकच. दाजी रात्रपाळी करून यायचे आणि भिंतीला टेकून बसल्या जागी डुलक्या घ्यायचे. ताईची मुलगी पूजा कॉलेजची परीक्षा संपवून आलेली. चित्रं काढणं तिच्याकडे. खेळ हलकाफुलका करायचा होता. करणारी माणसं दमलेली होती.

खेळाची कल्पना कापडातूनच आली, दुसरं येणार कुठून? मागावरून उतरलेल्या कापडाचा ताका, म्हणजे तागा होतो. ताका तपासायला जातो. तिथे तो फ्रेश ठरतो किंवा डॅमेज. ताईचा खेळ असा: प्रत्येकाच्या हातात काही पानं, म्हणजे ताके. काही फ्रेश, काही डॅमेज. आपल्या पाळीला एक ताका पालथा घालून कुणाही एकाच्या पुढ्यात सरकवायचा आणि तो फ्रेश आहे की डॅमेज हे सांगायचं. खरं सांगा, खोटं सांगा. समोरच्याने तो घ्यावा किंवा नाकारावा. मग उलटून बघायचा. डॅमेज गळ्यात पडला तर घेणाऱ्याने सरकवणाऱ्याला चिंचोके भरायचे, फ्रेश नाकारला तरीही त्यानेच. फ्रेश घेतला तर कमाई त्याची. आणि डॅमेज नाकारला गेला तर सरकवणाऱ्याला दंड.

सांगायचं मात्र तोंडाने नाही, हाताने. खात्यातल्या खुणांनी. आवाजात एकमेकांशी बोलता येत नाही म्हणून मागावरच्या लोकांनी हातांची एक भाषा केलेली आहे. तार तुटली, बॉबिन संपली, मालक आला, चहा आला, या सगळ्याला खुणा आहेत. हाताचा तळवा सपाट पुढे सरकवला की कापड साफ. दोन बोटांनी हवेत चिमटा घेतला की डॅमेज. आम्ही भावंडांनी या खुणा बोलायला लागण्याआधी शिकल्या. घरात नाना आणि माय आजही आवाजाशिवाय भांडतात. मायचं तोंड चालू असतं, स्वर नसतो. शेजाऱ्यांना वाटतं, या घरात फार शांतता आहे.

पहिली पानं वाया गेली. ताईने हौसेने पुठ्ठ्यावर खरे कापडाचे तुकडे डकवले होते. मायने एक पान पालथंच हातात घेतलं, अंगठा कडेवरून फिरवला आणि म्हणाली, “जॉर्जेट. डॅमेज.” पूजा ओरडली, “आ तो चीटिंग छे, आजी!” ते तुकडे उचकटून काढण्यात एक रविवार गेला. मग चित्रं आली. फ्रेश ताक्यावर पूजाने मोर काढला. डॅमेजवर तोच मोर, बिनशेपटीचा.

नशिबाचा भाग दाजींनी आणला. आधीच्या रविवारांना ते काही बोलत नव्हते. नानांसमोर तर नाहीच. एकदा डुलकीतून डोळे उघडून म्हणाले, “नुसत्या लबाडीत मजा नाही. लबाडी हुशार माणसाची. बाकीच्यांचं काय? नशीब पाहिजे.” पुढच्या वेळी त्यांनी खिशातून एक फासा काढला. वर्कशॉपमध्ये टाकून दिलेल्या पांढऱ्या नायलॉनच्या तुकड्याचा, कानसून चौकोनी केलेला, तापल्या खिळ्याने खुणा डागलेला. दर पाळीला आधी तो टाकायचा. तीन बाजू कोऱ्या. एकीवर तेजी: चिंचोके दुप्पट. एकीवर मंदी: कुणालाच काही नाही. एकीवर विझलेला दिवा: लाइट गेली, सगळ्यांनी हातातले ताके डावीकडच्याला द्यायचे.

फासा वाकडा निघाला. पुन्हा पुन्हा लाइटच जायची.

“किती दिवसांचे फिटर तुम्ही?” ताई म्हणाली.

“एका बाजूला जरा जास्त कानस लागली.”

“दुसरा करा.”

“राहू दे,” माय म्हणाली. “उन्हाळ्यात लाइट जातेच.” फासा तसाच राहिला.

आखाजीच्या आधीच्या रविवारी खेळाची चाचणी घ्यायचं ठरलं. नाना दुपारचे झोपले होते. शेजारचे भगवानकाका बोलावले. ते नानांच्याच खात्यातले, नानांच्याच गावाकडचे, कानांनी थोडे बरे. उजव्या हाताची करंगळी अर्धी. काकांना नियम सांगितले, त्यांनी मान हलवली, डाव सुरू झाला आणि काका हरू लागले.

फ्रेश ताका सरकवला की तळवा सपाट. डॅमेज सरकवला की चिमटा. दर वेळी खरं. बिनशेपटीचा मोर पुढे करून काका इमानाने चिमटा दाखवत, समोरचा हसून नाकारत असे आणि काका चिंचोके मोजून देत.

“काका, खोटं सांगायचं असतं,” पूजाने समजावलं.

“कळलं ना मला.”

“मग सांगा ना!”

“सांगतो.” आणि पुढचा ताका डॅमेज, पुढची खूण चिमटा.

आम्हाला आधी वाटलं, काकांना खेळ समजलेला नाही. मग मायने करून पाहिलं. तिचा हात सपाट व्हायला निघाला आणि मध्येच अडखळला. बोटं आपोआप चिमट्यावर आली. ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. नानांचा डबा पोचवायला जायची तेव्हा तिनेही काही वर्षं खात्यात बॉबिन भरल्या आहेत.

काका म्हणाले, “तोंडानं सांग म्हण, पाहिजे तेवढं खोटं बोलतो. मुकादमाला आयुष्यभर बोललो. मालकाला बोललो. बायकोला तर विचारू नको. पण हात खोटं नही बोलस, बेटा.”

मग त्यांनी उजवा तळवा खांद्याच्या वर उभा धरला. ही खूण आम्हालाही माहीत होती, तिचा नियम नव्हता. कुणी बंद मागाच्या आत हात घालून तुटलेली तार जोडत असला, की दुसरा माणूस खटक्यापाशी असा तळवा धरून उभा राहतो. अर्थ: मशीन बंद आहे, तुझा हात बाहेर येईपर्यंत बंदच राहील. आतला माणूस हात बाहेर काढून होकार देईपर्यंत बाहेरच्याने तळवा खाली घ्यायचा नाही. मुंग्या येवोत, मालक ओरडो. खात्यात तोंडाची चेष्टा वाटेल ती चाले. हाताची चेष्टा करणाऱ्या नव्या माणसाला जुने लोक थोबाडीत देत.

“आणि तुमची करंगळी?” पूजाने विचारलं.

“एकाने तळवा लवकर खाली घेतला,” काका म्हणाले. “मुद्दाम नाही घेतला. खाज आली होती त्याला.”

भिंतीला टेकलेले दाजी त्या वेळी जागे होते.

म्हणजे दीड महिना खपून ताईने लबाडीचा एक खेळ केला होता आणि तो अशा भाषेत केला होता, जिच्यात खोटं बोलता येत नाही. ज्या माणसासाठी केला तो त्यात प्रत्येक डाव हरणार होता. काका गेल्यावर ती बराच वेळ पानं नुसती पिसत होती. बोललं की नाना बाहेर. हातांनी सांगितलं की नाना हरणार. तिने पानांचा डबा बंद केला, पुन्हा उघडला. शेवटी एक नियम बदलला: सांगणं हाताने किंवा तोंडाने, ज्याला जसं जमेल तसं, पण बोललेलं वाक्य समोरच्याच्या तोंडाकडे तोंड करून, ओठ नीट हलवून. “हरले तर हरतील,” ती म्हणाली, “पण हरायला आत तर येतील.” तिच्या आवाजात उत्साह नव्हता. बस पकडायची होती, घरी जाऊन डबे भरायचे होते.

नाना कधीच खूप बोलणारे नव्हते. पण ते बाहेर बसायला लागल्यापासून घरात त्यांचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला होता. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याला तो किती मोठा लावायचा ते कळत नाही. खात्यातून आल्यावर ते घरातही ओरडूनच बोलत. लहानपणी आम्ही कानांवर हात ठेवत असू. पुढे ते ओरडेनासे झाले, आणि मग बोलेनासे. यंदा घागरींचे ढीग दिसू लागले तेव्हा सगळ्यात आधी मला आठवलं ते हेच: त्या वर्षभरात नानांनी म्हटलेलं एकही वाक्य मला सांगता येत नाही.

आखाजीचा दिवस आला. घागर भरली, पितरांना नैवेद्य झाला, आमरसाची पातेली रिकामी झाली. सतरंजी पसरली. ताईने पानं वाटली, नानांच्या नावाचीही वाटली. मग ओट्यावर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, “नाना, आत चला. नवा खेळ आहे. तुमच्या खुणांचा आहे.”

नानांनी हाताने सांगितलं: तुम्ही खेळा.

“एक डाव.”

नानांनी मान रस्त्याकडे वळवली. ओठ वाचणाऱ्याने मान वळवली की बोलणं संपतं. ताई आत आली, सतरंजीवर बसली आणि समोरची पानं गोळा करायला लागली.

“ठेव,” दाजी म्हणाले.

ते उठले आणि ओट्यावर गेले. ओट्यावर सावली होती तिथे नाना बसले होते, म्हणून ते पायरीखाली, उन्हात उभे राहिले. नानांच्या नजरेसमोर येतील असे. त्यांनी उजवा तळवा खांद्याच्या वर उभा धरला.

नानांनी बघितलं. मग बघितलं नाही.

दाजी रात्रपाळी करून आले होते. ऊन सरळ डोक्यावर होतं. रस्त्यावरून घागर घेऊन जाणारी एक बाई थांबली, तिला वाटलं जावई कुणाला तरी थांबवतोय. पूजाने दारातून हाक मारली, “पप्पा, बस करो, गरमी है.” दाजींच्या हाताला रग लागली, मग खांद्याला. डाव्या हाताने त्यांनी उजव्याचं कोपर धरलं, पण तळवा खाली घेतला नाही. आत आम्ही पानं हातात धरून बसलो होतो. कुणी फासा टाकला नव्हता. मशीन बंद होतं.

किती वेळ गेला याबद्दल मात्र घरात एकमत नाही.

नाना उठले. पायरी उतरले, दाजींचं मनगट धरलं आणि तळवा थोडा मागे कलता केला, बोटं जुळवली. खूण चुकीची होती, ती दुरुस्त केली. मग होकाराची मान हलवली, दाजींचा हात धरून खाली आणला आणि आत येऊन आपल्या पानांसमोर बसले.

डाव सुरू झाला. ठरल्याप्रमाणे नाना हरू लागले. फ्रेशला तळवा, डॅमेजला चिमटा. माय बिनस्वर हसत होती. पूजा तोंडाने सराईत खोटं बोलत होती, गुजरातीत, हिंदीत, आणि नाना तिच्या ओठांवरून चेहऱ्याकडे, चेहऱ्यावरून ताक्याकडे बघत डॅमेज घेत होते. भगवानकाका मध्येच येऊन टेकले आणि तेही हरू लागले. नानांपुढचे चिंचोके संपत आले. ते उठून जातील असं ताईला वाटत होतं. ती पानांकडे कमी आणि त्यांच्या गुडघ्यांकडे जास्त बघत होती.

फासा पडला. लाइट गेली. सगळ्यांनी हातातले ताके डावीकडे दिले. नानांकडे पूजाचे ताके आले. त्यांनी ते उघडून बघितले, एक निवडला आणि पालथा घालून दाजींच्या पुढ्यात सरकवला.

खुणेची सगळे वाट बघत होते. नानांनी दोन्ही हात उचलले, मांड्यांखाली दाबून त्यावर बसले, आणि दाजींच्या तोंडाकडे बघत, खात्यात ओरडायचे तेवढ्या आवाजात म्हणाले, “फ्रेश से!”

खिडकीतलं कबुतर उडालं. दुपारभर या माणसाने एकदाही खोटं सांगितलेलं नव्हतं. दाजींनी ताका घेतला आणि उलटला.

मोराला शेपूट नव्हती. दाजींनी चिंचोके मोजून नानांच्या पुढे ठेवले.